द्रावक निवडताना : एकाच फ्लास्कमधल्या दोन वाटा

बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने दोन ओळी पाठ केलेल्या असतात. अल्किल हॅलाइडवर जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की अल्कोहोल मिळतं आणि अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की अल्कीन. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पुढे एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलं, किंवा एखाद्या कंपनीच्या आर अँड डीत पहिली नोकरी लागली, की ह्याच दोन ओळींमागचा प्रश्न रोज समोर येतो. हवा असलेला पदार्थ साठ टक्के, नको असलेला चाळीस. आता काय बदलायचं? बहुतेक जण आधी तापमान बदलतात, मग बेस, मग कॅटॅलिस्ट. द्रावक, म्हणजे आपण ज्याला दिवसभर सॉल्व्हंट म्हणतो तो, बहुधा जुन्या पेपरात दिला होता तोच राहतो. हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे, आणि तो का व कसा करायचा हे सांगण्यासाठी हा लेख.

एक उदाहरण नीट जवळून पाहू. बीटा-नॅफ्थॉलचं सोडियम मीठ घ्या आणि त्यावर बेंझाइल ब्रोमाइड घाला. नॅफ्थॉक्साइड आयनावरचा ऋणभार फक्त ऑक्सिजनवर नसतो. शेजारच्या पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरही त्याचा वाटा असतो. त्यामुळे बेंझाइल गट ऑक्सिजनवर बसू शकतो किंवा कार्बनवर. पहिल्या वाटेने ईथर मिळतो, दुसऱ्या वाटेने १-बेंझाइल-२-नॅफ्थॉल. १९६३ साली अमेरिकेत कॉर्नब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अभिक्रिया वेगवेगळ्या द्रावकांत करून पाहिली. डीएमएफमध्ये ९७ टक्के ईथर, डीएमएसओत ९५ टक्के. टीएचएफमध्ये ६० टक्के ईथर आणि ३६ टक्के कार्बनवरचा पदार्थ. मिथेनॉलमध्ये ५७ आणि ३४. पाण्यात चित्र पालटलं : ईथर १० टक्के, कार्बनवरचा पदार्थ ८४ टक्के. ट्रायफ्लुओरोइथेनॉलमध्ये ईथर जेमतेम ७ टक्के आणि कार्बनवर ८५ टक्के.

तेच दोन रेणू, तोच बेस, आणि गुणोत्तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. तापमान दहा अंशांनी इकडेतिकडे करून असा फरक क्वचितच पडतो.

कारण समजायला अवघड नाही. पाणी आणि ट्रायफ्लुओरोइथेनॉल हायड्रोजन बंध देणारे द्रावक आहेत. भार जिथे सर्वांत घट्ट साठलेला असतो तिथे, म्हणजे ऑक्सिजनवर, ते चारी बाजूंनी चिकटतात. ऑक्सिजन झाकला जातो आणि हल्ला करायला कार्बन मोकळा राहतो. डीएमएफ आणि डीएमएसओकडे द्यायला असा हायड्रोजनच नाही. त्यांचा ऑक्सिजन सोडियम आयनाला धरून ठेवतो, नॅफ्थॉक्साइड उघडा पडतो, आणि जिथे भार जास्त तो ऑक्सिजन आधी पोहोचतो. टीएचएफचा प्रकार तिसराच. तो सोडियमला पुरता सोडवू शकत नाही, त्यामुळे सोडियम ऑक्सिजनला लागूनच बसतो आणि त्याची वाट अर्धवट अडवतो. म्हणून आकडे मधले. मिथेनॉल आणि टीएचएफ यांचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण एकात ऑक्सिजन हायड्रोजन बंधाने अडला आहे आणि दुसऱ्यात सोडियमने. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण उपाय इथेच वेगळे होतात. टीएचएफमधल्या अडचणीवर क्राउन ईथर किंवा मोठा धनायन चालतो; मिथेनॉलमधल्या अडचणीवर त्याचा विशेष उपयोग नाही.

ह्या उदाहरणाला एक मर्यादाही आहे आणि ती सांगायलाच हवी. बेंझाइल ब्रोमाइडऐवजी डायमिथाइल सल्फेट घेतलं, तर अल्कधर्मी पाण्यातसुद्धा मिथाइल गट मुख्यतः ऑक्सिजनवरच बसतो. सुगंधी रसायनांच्या धंद्यात ज्याला यारा यारा म्हणतात, ते २-मिथॉक्सीनॅफ्थॅलीन प्रयोगशाळेत असंच बनवतात. म्हणजे बाहेर पडणारा गट कोणता आहे ह्यालाही वजन आहे. द्रावक एकट्याने सगळं ठरवत नाही. पण ज्या अभिक्रियेत दोन वाटांची स्पर्धा जवळजवळ बरोबरीची असते, तिथे पारडं बहुतेक वेळा द्रावकच झुकवतो.

आता सर्वांत जास्त आढळणाऱ्या चुकीकडे येऊ. विद्यार्थी तक्ता उघडतात, डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाहतात आणि द्रावकांना कमी ध्रुवीय ते जास्त ध्रुवीय अशा एका रांगेत उभं करतात. ही रांग फसवी आहे. मिथेनॉलचा स्थिरांक सुमारे ३३, डीएमएफचा सुमारे ३७. रांगेत हे दोघे शेजारी. पण मिथाइल आयोडाइडवर क्लोराइड आयनाचा हल्ला मिथेनॉलमध्ये ज्या वेगाने होतो, त्याच्या सुमारे १२ लाख पट वेगाने तो डीएमएफमध्ये होतो. आणखी नेमकं पाहायचं तर तीन अमाइड शेजारी ठेवा. फॉर्मामाइडच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतात. तिथे हा वेग मिथेनॉलच्या जेमतेम बारा पट. एन-मिथाइलफॉर्मामाइडमध्ये एक हायड्रोजन उरतो. वेग ४५ पट. डीएमएफमध्ये नायट्रोजनवर एकही हायड्रोजन नाही, आणि वेग एकदम लाखांत जातो. गंमत म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक ह्या तिघांत सर्वांत मोठा एन-मिथाइलफॉर्मामाइडचा आहे, १८० च्या पुढे. स्थिरांकाने निकाल लावला असता तर पहिला नंबर त्याचा लागला असता. निकाल लावला तो शेवटच्या एका हायड्रोजनने.

१९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पार्कर यांनी हा मुद्दा ठामपणे मांडला आणि डीएमएफ, डीएमएसओ, अ‍ॅसिटोनायट्राइल ह्या कुटुंबाला वेगळं स्थान मिळालं. हॅलाइड आयनांचा क्रमही ह्यामुळेच उलटतो. मिथेनॉलमध्ये आयोडाइड सर्वांत तेज न्यूक्लिओफाइल आणि क्लोराइड मागे. डीएमएफमध्ये क्लोराइड पुढे. लहान आयनाभोवती हायड्रोजन बंधांचं कवच घट्ट असतं, म्हणून ते कवच निघाल्यावर सर्वांत जास्त फायदा त्याचाच होतो.

ध्रुवीयता मोजण्याची दुसरी एक रीत तुमच्या तक्त्यात असावी. जर्मनीत डिमरोथ आणि रायखार्ट यांनी १९६३ साली एक बेटाइन रंग वापरून द्रावकांची मोजपट्टी तयार केली. हा रंग मिथेनॉलमध्ये लाल, इथेनॉलमध्ये जांभळा आणि अ‍ॅसिटोनमध्ये हिरवा दिसतो. ह्या पट्टीवर पाण्याला ६३.१, मिथेनॉलला ५५.४, डीएमएसओला ४५.१, डीएमएफला ४३.२, टीएचएफला ३७.४ आणि हेक्सेनला ३१ गुण मिळतात. इथे मिथेनॉल आणि डीएमएफ यांच्यात बारा गुणांची दरी स्पष्ट दिसते, कारण ही मोजपट्टी हायड्रोजन बंधही हिशेबात धरते. तिच्या शेजारी गुटमनचा डोनर नंबर लिहून ठेवा; धनायनाला कोण किती घट्ट धरतो ते त्यावरून कळतं. डीएमएसओ २९.८, डीएमएफ २६.६, टीएचएफ २०, अ‍ॅसिटोनायट्राइल १४.१. डायइलेक्ट्रिक स्थिरांक, हायड्रोजन बंध देण्याची ताकद आणि धनायन धरण्याची ताकद, हे तीन स्तंभ हाताशी असले की पुढची बरीच कोडी कागदावरच सुटतात.

परत बारावीच्या त्या दोन ओळींकडे. हायड्रॉक्साइड इथेनॉलमध्ये विरघळवलं की त्याचा बराचसा भाग इथॉक्साइडमध्ये बदलतो आणि इथॉक्साइड अधिक तीव्र बेस आहे. दुसरं कारण ह्यूज आणि इनगोल्ड यांनी १९३५ मध्ये मांडलं. एसएन२ वाटेच्या संक्रमण अवस्थेत ऋणभार तीन अणूंवर पसरलेला असतो, ई२ वाटेच्या अवस्थेत पाच अणूंवर. ध्रुवीय द्रावक एकवटलेल्या भाराला जास्त आधार देतो, पसरलेल्याला कमी. पाणी कमी करत इथेनॉलकडे गेलं की एकवटलेल्या भाराचा आधार जास्त घटतो आणि एलिमिनेशनची बाजू त्या मानाने वर येते. पण पाठ्यपुस्तकात हे इथाइल ब्रोमाइडच्या उदाहरणाने दाखवतात, ते मला पटत नाही. इथाइल ब्रोमाइडवर इथॉक्साइड घातलं तर बहुतांश डायइथाइल ईथरच मिळतो, एथीन थोडं. आयसोप्रोपाइल ब्रोमाइड घ्या, तिथे ५५ अंशांना सुमारे ८० टक्के प्रोपीन मिळतं. रेणूची ठेवण आधी, द्रावक नंतर, हा क्रम मुलांना पहिल्याच वर्षी सांगायला हवा.

आयन आधी तुटून मग पुढे जाणाऱ्या अभिक्रियांत द्रावकाचा हात आणखी लांब पोहोचतो. टर्शरी ब्युटाइल क्लोराइड इथेनॉलमध्ये ज्या वेगाने तुटतं त्याच्या सुमारे तीन लाख पट वेगाने पाण्यात तुटतं. वेगाचा हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याहून उपयोगाचा आकडा फारसा कुणी सांगत नाही. कोसिव्हेरा आणि विन्स्टाइन यांनी ७५ अंशांना ह्याच रेणूपासून किती आयसोब्युटीलीन निघतं ते मोजलं. पाण्यात सुमारे ८ टक्के, इथेनॉलमध्ये ४४ टक्के, अ‍ॅसिटिक आम्लात ७३ टक्के. तिन्ही ठिकाणी मधला कार्बोकॅटायन एकच, मग फरक कुठून आला? पाण्यात क्लोराइड आणि कॅटायन एकमेकांपासून दूर जातात आणि कॅटायनला पाण्याचा रेणू गाठतो. अ‍ॅसिटिक आम्लाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जेमतेम सहा. तिथे क्लोराइड कॅटायनला खेटून राहतो आणि जाता जाता त्याचाच प्रोटॉन उचलतो. म्हणून अशा अभिक्रियेत अल्कीन नको असेल तर बेस शोधत बसण्याआधी आयनांची जोडी फोडणारा द्रावक शोधा.

प्रॅक्टिकलला फिनॉलमध्ये ब्रोमीन वॉटर घातल्यावर पांढरा साका पडलेला तुम्ही पाहिला असेल. ते २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉल. हेच ब्रोमीन कार्बन डायसल्फाइडमध्ये थंड ठेवून घातलं तर एकच ब्रोमीन बसतं आणि तेही मुख्यतः पॅरा जागेवर. पाण्यात फिनॉलचा थोडा भाग फिनॉक्साइड होतो, तो फिनॉलपेक्षा कितीतरी चपळ असतो, आणि एक ब्रोमीन बसल्यावर तो आयन आणखी सहज बनतो. त्यामुळे एकावर थांबणं पाण्यात जमत नाही. स्पर्धा इथे जागांची आहे आणि थांबण्याचीही.

यारा यारावरून आणखी एक गोष्ट आठवते. २-मिथॉक्सीनॅफ्थॅलीनवर अ‍ॅसिटाइल क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घातलं की कार्बन डायसल्फाइड किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये अ‍ॅसिटाइल गट पहिल्या जागेवर बसतो. नायट्रोबेंझीनमध्ये तो मुख्यतः सहाव्या जागेवर जातो. हा सहाव्या जागेचा पदार्थ म्हणजे नॅप्रॉक्सेन ह्या वेदनाशामक औषधाकडे जाणारी पायरी. कारण म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात. नायट्रोबेंझीन अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडशी जोडलं जाऊन हल्ला करणारा गट जाडजूड होतो आणि त्याला दाटीच्या पहिल्या जागेवर शिरता येत नाही. शिवाय पहिल्या जागेवर बसलेला गट ताणात असतो, तो सुटून पुन्हा सहाव्या जागेवर जाऊ शकतो. दुसरं कारण खरं असेल तिथे वेळेला फार महत्त्व येतं : अर्ध्या तासाचा नमुना आणि आठ तासांचा नमुना वेगळे आकडे दाखवतील. म्हणून अशा अभिक्रियेत शेवटचा एकच टीएलसी घेऊन द्रावकाबद्दल मत बनवू नका.

जिथे आयन नाहीत तिथे द्रावकाचा प्रश्नच नाही, असंही समजू नका. १९८० मध्ये राइडआउट आणि ब्रेस्लो यांनी सायक्लोपेंटाडाइन आणि मिथाइल व्हिनाइल कीटोन यांची डील्स-आल्डर अभिक्रिया पाण्यात केली, तेव्हा आयसोऑक्टेनच्या तुलनेत वेग सातशे पटींहून जास्त वाढला. ब्रेस्लो यांच्याच पुढच्या कामात एंडो आणि एक्सो यांचं गुणोत्तरही हललं, इथेनॉलमध्ये साडेआठच्या आसपास तर पाण्यात वीसच्या वर. फ्री रॅडिकलचीही तीच कथा. रसेल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी २,३-डायमिथाइलब्युटेनचं क्लोरिनेशन अभ्यासलं. द्रावक नसताना क्लोरीन अणू टर्शरी हायड्रोजनला प्राथमिक हायड्रोजनपेक्षा सुमारे चारपट पसंती देतो. भरपूर बेंझीन असेल तर ही पसंती पन्नास पटींच्या जवळ जाते, कारण क्लोरीन अणू बेंझीनशी सैल जोडी करतो आणि थोडा शांत होतो. आज बेंझीन वापरा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण हल्ला करणारा कण द्रावकाशी जोडी करू शकतो का, हा प्रश्न रॅडिकल अभिक्रियेतही विचारायला हवा.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

सुरुवात कागदावर करा. हवी असलेली वाट आणि नको असलेली वाट, दोन्हींची वेग ठरवणारी पायरी काढा. प्रत्येकीत भार तयार होतोय, नाहीसा होतोय की पसरतोय ते लिहा. दोन वाटांत फरक असेल तरच द्रावक बदलून काही हाती लागेल. फरक दिसत नसेल तर द्रावकांची लांबलचक चाचणी करण्यात आठवडा घालवू नका. बेस किंवा बाहेर पडणारा गट बदला.

फरक दिसला तर प्रत्येक कुटुंबातला एक द्रावक निवडा. अल्कोहोलांतलं एक, डीएमएसओ किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल, ईथरांतलं एक (टीएचएफपेक्षा २-मिथाइलटीएचएफ पाण्यापासून वेगळं करायला सोपं), टोल्युईन, आणि शक्य असेल तर पाणी. मिथेनॉल, इथेनॉल, आयसोप्रोपॅनॉल अशी एकाच घरातली तीन भावंडं घेऊन चाचणी केली असं म्हणणं ही फसवणूक आहे. त्यातून फार तर थोडा फरक कळतो, दिशा कळत नाही.

सगळे प्रयोग एकाच तापमानाला ठेवा. हे सांगायला साधं आहे, पण किती तरी प्रबंधांत 'रिफ्लक्सला ठेवलं' एवढंच लिहिलेलं असतं. टीएचएफ ६६ अंशांना उकळतं, टोल्युईन १११ अंशांना. दोन्ही रिफ्लक्सला ठेवून केलेली तुलना द्रावकांची राहत नाही, ती ४५ अंशांच्या फरकाची होते. बेस विरघळलाय की तळाशी बसलाय तेही नोंदवा. टोल्युईनमध्ये पोटॅशियम कार्बोनेट तळाशीच राहतं. अभिक्रिया पुढे गेली नाही ती टोल्युईन वाईट म्हणून नव्हे, न्यूक्लिओफाइल द्रावणात आलंच नाही म्हणून. तिथे टेट्राब्युटाइलअमोनियम ब्रोमाइडसारखा फेज ट्रान्स्फर कॅटॅलिस्ट थोडासा घालून मगच निर्णय घ्या. पाणी आणि टोल्युईन अशा दोन थरांत काम करता आलं तर मोठ्या प्रमाणावर त्याचा फायदा फार असतो. आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलचे दोराईस्वामी आणि मुंबईच्या यूडीसीटीचे मनमोहन शर्मा यांनी अशा बहुप्रावस्था अभिक्रियांवर १९८४ मध्ये दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. प्रोसेस केमिस्ट व्हायचं असेल त्याने तो ग्रंथालयातून काढून चाळावा.

पाण्याचं प्रमाण कार्ल फिशरने तपासा आणि आकडा वहीत लिहा. डीएमएफ आणि डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतात. कोकणपट्टीत जुलैत उघडी राहिलेली बाटली संध्याकाळपर्यंत दुसराच द्रावक झालेली असते. पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनवर, म्हणजे कारखान्यातल्या पीएनसीबीवर, पोटॅशियम फ्लोराइड घालून फ्लोरीन बसवताना हे फार जाचतं. थोडं पाणी आलं की ते फ्लोराइडला झाकतं. त्यातून हायड्रॉक्साइड तयार होऊन नायट्रोफिनॉल निघतं, आणि ते पुन्हा दुसऱ्या रेणूवर हल्ला करून डायअ‍ॅरिल ईथर करतं. उपपदार्थ वाढला म्हणून लोक पोटॅशियम फ्लोराइडचा पुरवठादार बदलतात. दोष द्रावकाच्या ड्रममध्ये असतो.

मोजमाप करताना एक खोड सांभाळा. बीटा-नॅफ्थॉलच्या उदाहरणात अभिक्रियेनंतर सवयीने सोडियम हायड्रॉक्साइडने धुतलं, तर कार्बनवरचा पदार्थ फिनॉल असल्यामुळे त्याचा काही भाग पाण्याच्या थरात निघून जातो. उरलेलं मिश्रण शुद्ध ईथरसारखं दिसतं आणि आपण द्रावकाचं कौतुक करत बसतो. धुण्याआधीच थोडा नमुना काढून त्याचा प्रोटॉन एनएमआर घ्या. ईथरचा सीएच२ सुमारे ५.२ पीपीएमला आणि कार्बनवरच्या पदार्थाचा सुमारे ४.४ पीपीएमला येतो. क्षेत्रफळांवरून गुणोत्तर सरळ मिळतं. एचपीएलसीचे एरिया टक्के वापरायचे असतील तर आधी दोन्ही पदार्थांचे रिस्पॉन्स फॅक्टर काढा. आणि दोन्ही पदार्थ अधिक उरलेला कच्चा माल यांची बेरीज शंभराच्या जवळ येते का ते पाहा. येत नसेल तर तिसरी वाट कुठेतरी उघडी आहे.

ही तिसरी वाट बऱ्याचदा द्रावक स्वतःच उघडतो. डीएमएसओत बेंझाइल ब्रोमाइडसारखे हॅलाइड तापवले तर ते आल्डिहाइडपर्यंत ऑक्सिडाइज होऊ शकतात. ही अभिक्रिया त्याच कॉर्नब्लम यांच्या नावाने ओळखली जाते. तीव्र बेसबरोबर तापवलेलं किंवा पुन्हा पुन्हा रिकव्हर केलेलं डीएमएफ डायमिथाइलअमाइन सोडतं आणि ते तुमच्या हॅलाइडवर तुटून पडतं. अ‍ॅसिटोन तीव्र बेसमध्ये स्वतःशीच जोडलं जातं. मिथेनॉल एस्टरचा अल्कोहोल गट बदलतं. रिकव्हर्ड सॉल्व्हंट वापरायला माझी हरकत नाही, खर्चासाठी तो वापरावाच लागतो. पण त्याची चाचणी नव्या लॉटइतकीच कसून करा.

शेवटी सुरक्षितता, आणि इथे मी कुठलीही सवलत देणार नाही. कार्बन डायसल्फाइडची वाफ शंभर अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. वाफेची गरम नळी पुरते. जुने प्रयोग वाचताना ह्या द्रावकाचं नाव आलं की पर्याय शोधा. नायट्रोबेंझीन त्वचेतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करतं. डायक्लोरोमिथेन आणि सोडियम अझाइड एकत्र आणू नका. त्यातून डायअझिडोमिथेन हा स्फोटक तयार होतो. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन बेसच्या सान्निध्यात मिसळू नका, एकाच वेस्ट कॅनमध्येही नाही. एचएमपीए जुन्या पेपरांत कितीही चांगले आकडे दाखवत असलं तरी ते कर्करोगकारक मानलं जातं, त्याला हात लावू नका. डीएमएफ प्रजननाला घातक आहे आणि युरोपीय संघात डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा आहेत. तुमचा माल तिकडे जाणार असेल तर आजच पर्याय तपासायला घ्या.

आणि सोडियम हायड्राइडचं डीएमएफ किंवा डीएमएसओबरोबरचं मिश्रण तापवू नका, साठवू नका. ही जोडी आपल्याच उष्णतेने बेलगाम होऊन फुटू शकते. शंभर मिलिलीटरच्या फ्लास्कमध्ये ती निमूट वागली म्हणून रिअ‍ॅक्टरमध्येही तशीच वागेल, असं धरून चालू नका. मोठ्या भांड्यातून उष्णता बाहेर पडायला वाव कमी असतो. तुमच्या प्रोसिजरमध्ये ही जोडी असेल तर प्रमाण वाढवण्याआधी कॅलरीमेट्रीचा अहवाल मागा आणि तो हातात येईपर्यंत बॅच लावू नका. त्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि अ‍ॅसिटोन घेऊन एकदा करून पाहा. बीटा-नॅफ्थॉलचा पीकेए साडेनऊच्या आसपास आहे. त्याला सोडियम हायड्राइडची गरजच नाही.